हौसामावशींचा राग

हौसामावशींच्या तोंडून त्या माणसाचं नाव मी कधी ऐकलं नाही. त्याला त्या 'पलीकडचा' म्हणायच्या. त्यांच्या शेताचा आणि त्याच्या द्राक्षबागेचा बांध एकच होता, म्हणून पलीकडचा. एकदा तलाठी घरी आले होते. कसल्याशा कागदासाठी चतुःसीमा विचारत होते. पूर्वेला कोण? "रस्ता." दक्षिणेला? "पाटाचं पाणी." उत्तरेला? "पलीकडचा." तलाठी हसले. म्हणाले, "मावशी, नाव सांगा ना." मावशी सुपातलं निवडणं न थांबवता म्हणाल्या, "तुमच्या दप्तरात असंल लिहिलेलं. माझं तोंड कशाला विटाळायचं?"

मी तेव्हा त्यांच्याकडे भाड्याने राहत होते. गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात मला शाळा मिळाली होती आणि नाशिकहून रोज एसटीने येणं जमेना. हौसामावशींच्या ओसरीलगतची खोली रिकामी होती. नवरा वारलेला, एकुलती मुलगी वंदना मनमाडला दिलेली, जावई रेल्वेत. घरात त्या एकट्याच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मास्तरीण, तुला राग येतो का?" मी गोंधळून म्हटलं, "कधीकधी येतो." "किती टिकतो?" "टिकत नाही, मावशी. लगेच जातो." त्यांनी मान हलवली, जणू माझ्यात एखादं व्यंग सापडलं. "मग तुझं कसं व्हायचं," म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

अंगाने त्या किरकोळ होत्या. नऊवारी घट्ट नेसलेली, कपाळ मोकळं, कानात मण्यासारखं काहीतरी बारीक. चालणं मात्र असं, की पुढे कुणी असेल तर त्याने बाजूला व्हावं. नवऱ्याच्या मागे त्यांच्या वाट्याला दीड एकर राहिलं. तेवढ्या रानात बाजरी आणि कांद्यावर काय भागणार? गावातल्या शहाण्यांनी सल्ला दिला, की दत्तू चुलत दीर आहे, त्याची बाग शेजारीच आहे, त्याला रान कसायला देऊन टाका आणि वंदनाकडे जाऊन सुखात राहा. दत्तू म्हणजेच तो पलीकडचा. तोही हेच म्हणत होता. रस्त्याला लागून असलेल्या त्या दीड एकरावर त्याचा डोळा किती वर्षांचा होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

मावशींनी सल्ला ऐकून घेतला आणि बैलजोडी विकून, वर बँकेचं कर्ज काढून पॉलीहाऊस टाकलं.

नव्वदच्या दशकाचा तो शेवट होता. आमच्या भागात पॉलीहाऊस नवीन होतं. मोठ्या बागायतदारांनी एक-दोन ठिकाणी उभारलेली पाहिली होती, पण एका बाईने, तेही दहा गुंठ्यांवर, हे कुणी ऐकलं नव्हतं. लोखंडी पाइपांच्या कमानी उभ्या राहिल्या, त्यावर दुधी रंगाचं प्लास्टिक ताणलं गेलं. त्याला सगळे 'पेपर' म्हणत. बाजूंना पडदे, सकाळी गुंडाळून वर घ्यायचे, संध्याकाळी खाली सोडायचे. आत लाल मातीचे गादीवाफे आणि त्यांवर जरबेराची रोपं. पारावर दत्तू मोठ्याने म्हणाला, "वहिनींनी रानात मांडव घातलाय. लगीन कुणाचं हाय?" मावशी तिथून चालल्या होत्या. थांबल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या अकलेचं, भाऊजी. कधीचं करायचं राहिलंय, स्थळच मिळंना." पार हसला. मला वाटतं, दत्तूच्या मनात त्या हसण्यानेच घर केलं.

पहिली फुलं आली तेव्हा मी शाळा सुटल्यावर रोज तिकडे जायची. आत शिरताना चपला बाहेर काढायच्या, हा मावशींचा नियम. लाल, पिवळी, केशरी, तळहाताएवढी फुलं. ती कापायची नसतात. दांडा बुडाशी धरून हलकं पिरगाळून ओढायचा. मला ते कधी जमलं नाही. मावशी म्हणायच्या, "तू कान पिळतीस तसं पिळ. तेवढं तर येतं ना मास्तरणीला?" फुलाच्या तोंडाला छोटी प्लास्टिकची टोपी घालून, जुड्या बांधून, पाण्याच्या बादल्यांत उभ्या करायच्या आणि पहाटेच्या टेम्पोने मुंबईला पाठवायच्या. फेब्रुवारीत फुलांना मागणी जोराची असते असं व्यापाऱ्याने सांगितलं होतं. मावशी फेब्रुवारीची वाट बघत होत्या.

जानेवारीच्या कडाक्यात एके दिवशी सकाळी मला त्यांची हाक आली नाही. रोज त्या पडदे वर करून येताना माझ्या दारावर थाप मारायच्या. मी रानात गेले. उत्तरेचा पडदा उभा फाटलेला होता. छताचा पेपरही मधोमध फाटला होता, त्यातून रात्रभर वारं आत शिरलं होतं आणि उरलेला पेपर फुगवून कमानींवरून उपटून घेऊन गेलं होतं. त्याच्या लांबच लांब पट्ट्या बांधापलीकडे द्राक्षाच्या तारांत अडकून फडफडत होत्या. खाली जरबेराच्या कळ्या गारठून काळपट पडल्या होत्या, पानं वाफ्यांवर लोळत होती. मावशी मधल्या वाटेवर उकिडव्या बसल्या होत्या. रडत नव्हत्या. पेपरचा एक तुकडा हातात घेऊन त्याची कड बोटाने चाचपत होत्या.

दत्तू बांधावर आला. गळ्यात मफलर, हातात दात घासायची काडी. "वहिनी, रात्री वारं लय होतं," म्हणाला.

मावशींनी वर पाहिलं. "व्हय," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी त्याला भाऊजी म्हणणं सोडलं, आणि नाव तर सोडलंच.

वारं कसं होतं ते दोन दिवसांत कळलं. दत्तूच्या बागेत सुरगाण्याकडची माणसं कामाला असायची. भात-नागली काढून झाली, दिवाळी झाली, की जीपा भरून ती खाली उतरायची. द्राक्षाची बाग त्यांच्याच हातांवर उभी असते. घडातले मणी विरळ करणं, एकेक घड औषधात बुडवणं, ही कामं मशीनने होत नाहीत आणि नवख्याच्या हातानेही होत नाहीत. या टोळीची म्होरकी जनीबाई होती. बागेच्या कडेला गोणपाटाच्या झोपड्यांत ही सगळी राहायची. जनीबाई पहाटे उठली होती आणि तिने दत्तूला बांबूच्या टोकाला विळा बांधून बांधावरून परत येताना पाहिलं होतं. हे तिने मावशींना आमच्या स्वयंपाकघरात बसून सांगितलं. सांगताना सारखी दाराकडे बघत होती.

मी म्हटलं, "मावशी, साक्षीदार आहे. पोलिसांत जाऊ."

"जनी, तू कुणाला काय सांगू नको," मावशी म्हणाल्या. "तुझं पोट त्याच्या बागेत हाय. आनि मास्तरीण, पोलिसात गेलं की काय व्हतं? ते येत्यात, पंचनामा करत्यात, त्याला दोन दिवस बसवून ठेवत्यात. मग गावातले चार जण मधी पडत्यात, हात जोडायला लावत्यात. राग तिथंच संपतो. मला राग संपवायचा नाय."



पुढे जे झालं ते सावकाश झालं, आणि गावाला त्यातलं काहीच समजलं नाही. मावशींनी पेपर पुन्हा चढवला. फुलांबरोबर रंगीत ढोबळी मिरची लावली. लाल-पिवळ्या मिरच्या बघून शाळेतली मुलं मला विचारायची, "बाई, मावशी मिरच्या रंगवतात का?" मिरचीची एकेक फांदी दोरीने वर बांधावी लागते. मावशी संध्याकाळी ओळींतून फिरत आणि प्रत्येक दोरीला बोट लावून बघत. म्हणायच्या, "दोरी आनि राग, दोन्ही रोज तपासायचं. आपोआप सैल पडत्यात."

मग त्यांनी रानाच्या कोपऱ्यात खोल्या बांधायला काढल्या. विटांच्या, पत्र्याच्या, एका रांगेत. नळ घेतला, संडास बांधला, पुढे मुलांना बसायला ओटा केला. लोक म्हणाले, म्हातारी खुळी झाली, दहा गुंठ्यांच्या कामाला कितीशी माणसं लागतात? पण मावशी गप्प बसल्या नव्हत्या. त्या गावोगाव फिरत होत्या. ज्यांच्याकडे एक-दोन एकर आहे अशा माणसांना गाठत, विशेषतः बायांना. आपल्या पॉलीहाऊसमध्ये आणून दाखवत, रोपं कुठून आणायची सांगत, बँकेत त्यांच्याबरोबर जाऊन बसत. दोन-तीन वर्षांत आमच्या आसपास पांढऱ्या कमानी उगवायला लागल्या. कुणाची फुलं, कुणाची मिरची, कुणाची परदेशी काकडी. या सगळ्यांना मिळून बारा महिने माणसं लागू लागली. राहायला मावशींच्या खोल्या होत्या. तिथे राहायला आलेल्यांच्या मुलांना मी शाळेत घातलं. काही तर चांगली हुशार निघाली.

तालुक्याला कृषी मेळावा झाला तेव्हा मावशींना नारळ आणि शाल मिळाली. व्यासपीठावरचे साहेब म्हणाले, या माउलीकडे दूरदृष्टी आहे. मी शेजारीच उभी होते. मावशी शाल सावरत माझ्या कानाशी पुटपुटल्या, "दूरदृष्टी कसली? माझी दृष्टी एकाच माणसावर हाय."

मला तेव्हा प्रथम सगळं लख्ख दिसलं. खोल्या, नळ, गावोगावच्या चकरा. हे सगळं ज्याच्यासाठी चाललं होतं तो माणूस बांधापलीकडे निवांत होता. त्याची भरभराट चालली होती. त्याने बाग वाढवली होती, नवी जीप घेतली होती, आणि त्या वर्षी पहिल्यांदा त्याची द्राक्षं परदेशी जायची होती. निर्यातीच्या कंपनीची माणसं येऊन बाग पाहून गेली होती. पारावर तो सांगायचा, "माझा घड आता विमानात बसणार."

"बसू दे," मावशी म्हणायच्या. "उंच गेल्याबिगर पडल्याचं लागत नाय."

त्या वर्षी दिवाळीनंतर सुरगाण्याच्या जीपा आल्या. शाळेच्या पायरीवरून मला रस्ता दिसायचा. एरवी त्या दत्तूच्या फाटकापाशी थांबत. त्या दिवशी थांबल्या नाहीत. सरळ पुढे आल्या आणि मावशींच्या खोल्यांसमोर उभ्या राहिल्या. जनीबाई उतरली, मागून सगळी टोळी उतरली. पोरं नळाकडे पळाली.

दत्तूला आधी वाटलं, ही आपल्याला अडवून जास्त मागण्याची युक्ती आहे. त्याने दुसरी माणसं शोधली. पण त्या दिवसांत सगळ्याच बागांची कामं एकदम येतात, जाणती माणसं रिकामी कुठून असणार? हरसूलच्या बाजारात त्याने जीप पाठवली. आली ती नवखी पोरं. त्यांनी घडांबरोबर वेलीच्या काड्याही मोडल्या. दिवस हातचे चालले होते. मणी फुगत होते, एकमेकांना चिकटत होते. विरळणी वेळेवर झाली नाही की घड आतून दाटतो, गुदमरतो आणि मग सडतो.

शेवटी तो आला. दुपारची वेळ होती, मावशी आणि जनीबाई मिरचीला दोऱ्या बांधत होत्या, मी काहीतरी विचारायला गेले होते. तो पॉलीहाऊसच्या दाराशी उभा राहिला. टोपी हातात.

"वहिनी."

मावशींनी दोरीची गाठ पुरी केली. मग दाराशी गेल्या. त्याला आत घेतलं नाही.

"वहिनी, आठवडाभर माणसं द्या. जनीला पाठवा. पुढचं मी बघतो. बाग जाईल हो माझी."

"माणसं काय माझी हायत? जनीला इचार."

जनीबाईने दोरी हातात तशीच धरली होती.  दत्तूने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो मावशींशीच बोलत राहिला. "आपलं भावकीचं नातं हाय, वहिनी. झालं गेलं..."

"थांब," मावशी म्हणाल्या. "काय झालं? आनि काय गेलं? ते सांग."

"आता जुनं कशाला..."

"मला ऐकायचंय. तुझ्या तोंडून. त्या रातीला काय झालं व्हतं?"

तो जमिनीकडे बघत राहिला.  मला वाटलं, आता बोलेल. मनातून मी म्हणत होते, बोल बाबा, एकदा बोलून टाक. तो म्हणाला, "वारं होतं, वहिनी."

मावशी हसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

"मग आताबी वारंच हाय," त्या म्हणाल्या. "वाऱ्यानं नेली तुझी माणसं. जा, तारेत कुठं अडकली असतील तर बघ."

कंपनीची माणसं आली, घड फोडून बघितले आणि न बोलता गाडीत बसली. दत्तूचा माल मिळेल त्या भावाने बेदाण्याच्या शेडवर गेला. पुढच्या वर्षीही टोळी मावशींकडेच उतरली. त्याच्या मुलाने भांडून नाशिकला बिऱ्हाड केलं. त्यानंतर एका उन्हाळ्यात दत्तूने अर्धी बाग तोडायला काढली. करवतीचा आवाज शाळेपर्यंत येत होता. मावशी मला बोलवायला आल्या. "चल, बघायला."

बांधावर त्यांनी घोंगडी अंथरली होती. बरोबर भाजलेल्या शेंगा आणल्या होत्या. मनगटाएवढ्या जाड झालेल्या वेली पडत होत्या आणि मावशी शेंगा सोलून खात होत्या. पलीकडे दत्तू पाठमोरा उभा होता. मला ते बघवेना.

"मावशी, आता बास झालं. पुरे."

"तुझं पुरे झालं असंल," त्या म्हणाल्या. "तुझं कुणी काय फाडलं नाय. इसरणं हे ज्याचं घर भरलेलं हाय त्याचं काम." आणि शेंगांची मूठ माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही. त्यांनी वाईटही वाटून घेतलं नाही.

पण हीच बाई जनीबाईची सून अडली तेव्हा मध्ये टेम्पो थांबवून, फुलांच्या बादल्या रस्त्यावर उतरवून, तिला सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन गेली होती. माझे वडील गेले तेव्हा माझ्याबरोबर बसून राहिली होती, एक शब्दही न बोलता. मला त्यांचं ते एक आणि हे एक, दोन्ही नीट जोडता आलं नाही. त्यांना विचारलं असतं तर म्हणाल्या असत्या, जोडायचं कशाला, दोन्ही माझंच हाय.

मावशींना पोटाचा आजार निघाला तोवर माझी बदली झाली होती. नाशिकच्या दवाखान्यात मी भेटायला जायची. वंदना मनमाडहून येऊन राहिली होती. एका दुपारी ती खालून चहा घेऊन आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, दत्तूकाका आलेत. खाली बसलेत."

मावशींनी डोळे उघडले. "कसा दिसतो?"

"थकलेत गं."

"काठी हाय का हातात?"

"हाय."

"मला बसव," मावशी म्हणाल्या. "केस नीट कर. मग आण त्याला."

तो आला, स्टुलावर बसला. वंदनाने चहाचा कप त्याच्यापुढे ठेवला. मग तो म्हणाला, "वहिनी, मीच फाडला होता. बांबूला विळा बांधून. आधी पडदा, मग वरचा पेपर."

"ठाऊक हाय."

"तुम्हाला ठाऊक हाय हे मलाबी ठाऊक होतं."

"माफ नाय करायची मी."

"मागायला आलो नाय."

"मग कशाला आलास?"

त्याने काठी या हातातून त्या हातात घेतली. "पोरगं बोलत नाय. गावात कुणी फारसं इचारत नाय. म्हटलं, एक माणूस हाय, त्याच्या मनात तरी मी रोज असतो."

वंदना तोंड फिरवून खिडकीकडे गेली. मावशी त्याच्याकडे बघत राहिल्या. "बस मग," म्हणाल्या. "चहा गार व्हतोय."

तो गेल्यावर मी त्यांच्या पाठीमागची उशी सारखी केली. मला राहवलं नाही. विचारलं, "मावशी, त्या दिवशी पॉलीहाऊसच्या दारात त्याने हे कबूल केलं असतं, तर दिली असतीत का माणसं?"

त्यांनी खरंच विचार केला. खोटं उत्तर द्यायची त्यांना सवयच नव्हती.

"नाय," म्हणाल्या. "तरीबी दिली नसती." जरा वेळाने डोळे मिटून म्हणाल्या, "पन ऐकायला लय गोड लागलं, मास्तरीण. लय गोड."

त्याच आठवड्यात त्या गेल्या.

दहाव्याला रानात मंडप घातला होता. माणूस मावत नव्हता. ज्या बायांना त्यांनी पॉलीहाऊस टाकायला लावलं त्या सगळ्या आल्या होत्या. कुणीतरी उठून बोललं, की हौसाबाई म्हणजे माया, हौसाबाई म्हणजे गरिबांची आई, आयुष्यात कुणाचं वाईट चिंतलं नाही. मागच्या रांगेत दत्तू बसला होता. त्याने मान वर केली नाही.

जनीबाई माझ्याशेजारी मातीत बसली होती. डोळे पुसत ती हळूच म्हणाली, "बाई, हे काय बोलतात? चांगली कुठं होती ती? खुनशी होती." मी तिच्याकडे पाहिलं. ती खोल्यांच्या रांगेकडे बघत होती. तिची नातवंडं नळावर पाणी उडवत होती. "पन आमच्यावर माया करणारे लय आले नि गेले," ती म्हणाली. "नळाचं पानी तिच्या रागानंच दिलं."

ऊन उतरायला लागलं होतं. भाषण अजून चालूच होतं. जनीबाई उठली, पदर खोचला आणि पडदे सोडायला पॉलीहाऊसकडे गेली.